विश्लेषण : ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द आला कुठून? तो देणारे डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के कोण होते?

शेंगदाणे खाल्ले की ओठ सुजतात, एखादी गोळी घेतली की अंगावर गांधी उठतात. अशा वेळी ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द सहज तोंडी येतो. हा शब्द व्हिएन्नातील एका बालरोगतज्ज्ञाने १९०६ मध्ये तयार केला. त्यांचे नाव क्लेमेन्स फॉन पिर्के.

धर्मशास्त्राकडून वैद्यकाकडे

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळच्या हिर्शस्टेटन येथे एका सरदार घराण्यात झाला. सुरुवातीला त्यांनी धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे शिक्षण घेतले. मग ती वाट सोडून ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० मध्ये ग्राझ येथून डॉक्टर झाले. पुढे व्हिएन्नातील मुलांच्या रुग्णालयात ते रुजू झाले.

औषधानेच मुले आजारी का पडत?

त्या काळी घटसर्पाने असंख्य मुले दगावत. घोड्याच्या रक्तापासून बनवलेले सीरम हा त्यावरचा मोठा आधार होता. मात्र सीरम टोचल्यावर काही मुलांना ताप येई, अंगावर पुरळ उठे, सांधे दुखत. जीव वाचवणारे औषधच त्रास देत होते आणि ते थांबवणेही शक्य नव्हते.

पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी एका साध्या गोष्टीकडे लक्ष दिले : वेळ. पहिल्यांदा सीरम दिल्यावर त्रास साधारण ८ ते १२ दिवसांनी सुरू होई. त्याच मुलाला पुन्हा सीरम दिले, तर तो फार लवकर, कधी काही तासांतच दिसे. सीरम थेट विषारी असते, तर पहिल्या वेळी इतके दिवस लागले नसते. याचा अर्थ, पहिल्या टोचणीनंतर शरीरच बदलत होते. बाहेरच्या पदार्थाविरुद्ध त्यात प्रतिपिंडे तयार होत आणि त्यांची त्या पदार्थाशी गाठ पडली की आजार उद्भवे. या निरीक्षणांवरचे दोघांचे पुस्तक १९०५ मध्ये आले.

नवा शब्द कशासाठी?

प्रतिपिंडे शरीराचे रक्षण करतात, अशीच तेव्हाची समजूत होती. तीच अपाय करतात, हे अनेकांना पटेना. रक्षण आणि अपाय या दोन्हींना कवेत घेणारा शब्द हवा होता. ‘वेगळा’ आणि ‘कार्य’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून पिर्के यांनी ‘अ‍ॅलर्जी’ बनवला. परागकणांमुळे होणारी सर्दी, मधमाशीचा दंश, स्ट्रॉबेरी किंवा खेकडा खाल्ल्यावर उठणाऱ्या गांधी, हे सारे त्यांनी या एकाच कल्पनेखाली आणले. पुढे शब्दाचा अर्थ आक्रसत गेला आणि तो केवळ त्रासापुरता उरला.

त्वचेवरची चाचणी

१९०७ मध्ये पिर्के यांनी क्षयरोगासाठी त्वचेची चाचणी मांडली. हातावर बारीक ओरखडा काढून ट्युबरक्युलिनचा थेंब ठेवायचा आणि एक-दोन दिवसांनी तिथे सूज येते का ते पाहायचे. वरून धडधाकट दिसणाऱ्या अनेक मुलांनाही क्षयाचा संसर्ग झालेला असतो, हे त्यातून दिसले. आपल्याकडे परिचित असलेली मॉन्टू चाचणी याच वाटेवरचे पुढचे पाऊल.

युद्धानंतरची भूक आणि अखेर

बाल्टिमोर आणि ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापकी केल्यानंतर १९११ मध्ये ते व्हिएन्नातील बालरोग विभागाचे प्रमुख झाले. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियातील मुले उपाशी होती. अमेरिकी मदतीतून त्यांना जेवण देण्याच्या मोहिमेची धुरा पिर्के यांनी सांभाळली. कोणाला किती अन्न लागते, हे मोजण्यासाठी त्यांनी दूध हे एकक मानून पद्धत बसवली. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी ५४ वर्षांच्या पिर्के यांनी पत्नी मारिया यांच्यासह आयुष्य संपवले.

आज त्याचा उपयोग काय?

काय खाल्ले, कोणते औषध घेतले, किती वेळाने त्रास झाला, पूर्वी असे झाले होते का? अ‍ॅलर्जीचे निदान आजही या प्रश्नांपासून सुरू होते. मग गरजेनुसार त्वचेची किंवा रक्ताची चाचणी होते. नुसती चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून तो पदार्थ कायमचा सोडायचा नसतो. प्रत्यक्ष त्रासाशी तिचा मेळ डॉक्टरांनी घालावा लागतो. निदान पक्के झाल्यावर तो पदार्थ वा औषध टाळणे हा मुख्य उपाय. श्वास अडकणे, घसा सुजणे, भोवळ येणे ही लक्षणे मात्र धोक्याची. तेव्हा अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन तातडीने लागते, म्हणून थेट रुग्णालय गाठावे. पुढच्या वेळी कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर त्या औषधाचे नाव आधी सांगावे. शरीर पहिली भेट विसरत नाही, हे पिर्के यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे.