दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : गोवा, ३१ जुलै १९०७; मृत्यू : पुणे, २९ जून १९६६) हे गणितज्ञ व इतिहासकार होते. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. हार्वर्डमध्ये शिक्षण घेऊन त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केले.

१९३३ साली त्यांनी मांडलेली पथ-अवकाशांची भूमिती कार्तां व चर्न यांनी पुढे नेली. अरेषीय प्रणाली किंचित ढळल्यास तिचे मार्ग जवळ येतात की दूर जातात, हे तिच्या आधारे तपासता येते. १९४३ मध्ये यादृच्छिक फलनांचे मोजक्या घटकांत विभाजन करण्याची रीत त्यांनी प्रसिद्ध केली. नियंत्रणशास्त्रात गुंतागुंतीच्या प्रणाली सुटसुटीत करण्यासाठी ती आज वापरली जाते. मात्र नंतर स्वतंत्रपणे तेथवर पोहोचलेल्या कारहुनेन व लोएव्ह यांच्याच नावांनी ती दीर्घकाळ ओळखली गेली.