निकोला टेस्ला आणि बिनतारी वीज

उमरखेडच्या बाजारातून जाताना मोबाईलच्या दुकानांत लटकणाऱ्या चार्जरच्या तारा तुम्ही पाहिल्या असतील. कुठे लांब, कुठे आखूड, कुठे पांढऱ्या, कुठे काळ्या. आता बाजारात एक गोल चकतीही मिळते. तिच्यावर मोबाईल नुसता ठेवला, की तो चार्ज होऊ लागतो. मोबाईलला तार लावावी लागत नाही. मात्र ही सोय प्रत्येक मोबाईलमध्ये नसते.

तार हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतही तो तारच आहे. जिला तार लागत नाही ती वीज बिनतारी. ही चकती कालपरवाची युक्ती आहे, असे तुम्हांला वाटेल. पण तिच्यामागची कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. त्या कल्पनेपायी एका माणसाने आपला पैसा आणि आपले नाव, दोन्ही पणाला लावले. त्याचे नाव निकोला टेस्ला. या नावाच्या मोटारगाड्या तुम्ही ऐकल्या असतील. ती कंपनी त्याची नव्हे. त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ती निघाली आणि तिने त्याचे नाव घेतले.

टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या लहानशा गावी झाला. हे गाव आज क्रोएशिया देशात आहे. त्या वेळी तेथे ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे राज्य होते. निकोलाचे वडील ख्रिस्ती धर्मगुरू होते. आईला लिहिता-वाचता येत नव्हते. पण घरातली लहानसहान अवजारे ती स्वतःच्या हातांनी बनवत असे. यंत्रांची आवड मला आईकडून मिळाली, असे टेस्ला पुढे सांगत असे.

मुलाने आपल्यासारखेच धर्मगुरू व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाला तर इंजिनीयर व्हायचे होते. वडिलांपुढे बोलण्याची सोय नव्हती. शाळा संपवून निकोला घरी आला, तेव्हा गावाकडे कॉलऱ्याची साथ होती. कॉलरा म्हणजे तुम्ही ज्याला हैजा म्हणता तो आजार. निकोलाने अंथरूण धरले. महिनोन्महिने तो अंथरुणातच होता. घरच्यांनी आशा सोडली. वडील उशाशी बसले असताना त्याने आपल्या मनातली गोष्ट सांगितली. मला इंजिनीयर होऊ दिलेत, तर कदाचित मी बरा होईन, असे तो म्हणाला. वडिलांनी वचन दिले. निकोला बरा झाला आणि वडिलांनी वचन पाळले.

पुढे तो ग्राझ शहरातील तंत्रविद्यालयात शिकू लागला. तेथे एके दिवशी शिक्षकांनी विजेवर चालणारे एक यंत्र वर्गात आणले. यंत्र फिरू लागले, तशा त्यातून ठिणग्या उडू लागल्या. फिरणाऱ्या भागाला वीज पोहोचवण्यासाठी त्यावर धातूचे ब्रश घासत होते. त्यांच्याच त्या ठिणग्या. हे ब्रश नकोतच, त्यांच्याशिवायही यंत्र चालवता येईल, असे निकोलाने सुचवले. शिक्षकांनी ते कसे अशक्य आहे, हे सगळ्या वर्गाला समजावून सांगितले. निकोला गप्प बसला, पण प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्याचे ते शिक्षण पुरे झाले नाही. पदवी न घेताच त्याने ग्राझ सोडले.

या प्रश्नाचे उत्तर त्याला १८८२ मध्ये बुडापेस्ट शहरात सापडले. एका संध्याकाळी तो मित्राबरोबर बागेत फिरत होता. सूर्य मावळत होता. निकोलाला कविता तोंडपाठ असत. गटे या जर्मन कवीच्या ओळी म्हणता म्हणता तो एकाएकी थांबला. त्याने एक काडी उचलली आणि वाळूत आकृती काढून मित्राला दाखवली.

काय होते त्या आकृतीत? तुमच्या घरातली वीज एकाच दिशेने वाहत नाही. ती सेकंदात ५० वेळा पुढे-मागे होते. तिला ए. सी. म्हणतात. बॅटरीतली वीज मात्र एकाच दिशेने वाहते. ती डी. सी. पुढे-मागे होणारी वीज तारेच्या अनेक वेटोळ्यांतून एकामागून एक अशी सोडली, तर त्या वेटोळ्यांच्या मधोमध चुंबकाची शक्ती गोल गोल फिरू लागते. मधला लोखंडी भाग त्या शक्तीच्या ओढीने आपोआप फिरतो. त्याला तार जोडावी लागत नाही, ब्रशही लागत नाही. पैनगंगेच्या काठी शेतात पाणी उपसणारी मोटार पाहा. ती याच जातीची आहे. शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला थ्री फेज हा शब्दही या कल्पनेतूनच आला आहे.

१८८४ मध्ये टेस्ला अमेरिकेत गेला. न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा त्याच्या खिशात फक्त चार सेंट होते, असे तो सांगे. प्रसिद्ध संशोधक एडिसन याच्याकडे त्याला काम मिळाले. पण दोघांचे फार दिवस जमले नाही. एडिसनचा सारा धंदा डी. सी. विजेचा होता. टेस्लाने नोकरी सोडली. त्यानंतर एक काळ असा आला, की या इंजिनीयरला पोटासाठी रस्त्यावर खड्डे खणावे लागले.

१८८८ मध्ये त्याचे दिवस पालटले. वेस्टिंगहाउस नावाच्या कारखानदाराने त्याच्या शोधांचे हक्क विकत घेतले. मग डी. सी. आणि ए. सी. यांचे मोठे भांडण झाले. एडिसनची वीज विजेच्या केंद्रापासून एक-दीड किलोमीटरपलीकडे नीट पोहोचत नसे. तारा तापत आणि वीज वाटेतच वाया जाई. ए. सी. विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवता येतो. दाब वाढला, की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो. प्रवाह कमी, म्हणून तार कमी तापते. घराजवळ आल्यावर हा दाब पुन्हा कमी करतात. खांबावरच्या ज्या पेटीला आपल्याकडे सगळे डीपी म्हणतात, तिच्याजवळचा ट्रान्सफॉर्मर हेच काम करतो. चंद्रपूरच्या केंद्रात कोळशावर तयार होणारी वीज इतक्या लांबच्या गावांत दिवे लावते, ती या युक्तीमुळे.

१८९३ मध्ये शिकागो शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले. ते ए. सी. विजेने उजळले. त्याच वर्षी, त्याच शहरात स्वामी विवेकानंदांनी सर्वधर्मपरिषदेत भाषण केले होते. पुढे १८९६ मध्ये विवेकानंद आणि टेस्ला न्यूयॉर्कला एकमेकांना भेटले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नायगारा धबधब्यावर तयार झालेली वीज तारांवरून बफेलो शहरात पोहोचली. टेस्ला चाळीस वर्षांचा होता. तारांनी त्याला जगभर कीर्ती दिली होती.

आणि याच माणसाला आता तारा नकोशा झाल्या होत्या!

हे कसे, ते समजून घेऊ. १८३१ मध्ये लंडनला मायकेल फॅरेडे याने एक प्रयोग केला होता. त्याने लोखंडाच्या कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. वेटोळी एकमेकांना जोडलेली नव्हती. तरी एकातला प्रवाह सुरू किंवा बंद केला, की दुसऱ्यात क्षणभर वीज उमटे. ट्रान्सफॉर्मर यावरच चालतो. टेस्लाची मोटारही. म्हणजे तारांच्या या साऱ्या कारभारात वीज एका ठिकाणी बिनतारी उडी मारतेच. उडी अगदी लहान असते, एवढेच. टेस्लाला वाटले, ही उडी मोठी का करता येऊ नये?

१८९१ मध्ये त्याने नवे यंत्र बनवले. त्याला टेस्लाचे वेटोळे म्हणतात. त्यात वीज सेकंदाला हजारो वेळा पुढे-मागे होई. ते यंत्र चालू असताना टेस्ला काचेच्या नळ्या हातात घेऊन उभा राही. नळ्यांना तार नाही, तरी त्या झगझगीत पेटत. बघणारे थक्क होत. १८९२ मध्ये लंडनच्या विद्वानांनी त्याचा हा प्रयोग पाहिला आणि त्याला मानाने फॅरेडेच्या खुर्चीवर बसवले.

१८९९ मध्ये तो कोलोरॅडो स्प्रिंग्ज या डोंगराळ गावी गेला. तेथे त्याने फार मोठे वेटोळे उभारले आणि माणसाच्या हाताने वीज कडकडवली. एकदा तर गावातल्या वीजकेंद्राचे यंत्रच जळाले आणि गाव अंधारात बुडाले. पृथ्वी हीच मोठी तार आहे, तिच्यातून जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात वीज पाठवता येईल, अशी त्याची खात्री पटली. माझ्या मते टेस्लाच्या आयुष्यातली चूक येथे आहे. त्याने जे पाहिले ते खरे होते, पण त्यावरून जे ठरवले ते फार लांबचे होते.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटावर वॉर्डनक्लिफ येथे १९०१ मध्ये त्याने काम सुरू केले. मॉर्गन नावाच्या सावकाराने दीड लाख डॉलर दिले. १८७ फूट उंचीचा मनोरा उभा राहू लागला. मॉर्गनला समुद्रापलीकडे संदेश पाठवायचे होते. टेस्लाला संदेशांबरोबर वीजही पाठवायची होती. त्याच वर्षी डिसेंबरात मार्कोनीने कमी खर्चाच्या साधनांनी अटलांटिक महासागरापलीकडे बिनतारी संदेश पाठवला. टेस्लाकडचे पैसे संपले. त्याने मॉर्गनला पत्रांमागून पत्रे लिहिली. मॉर्गनने आणखी पैसे देण्यास साफ नकार दिला.

फुकट विजेवर मीटर कुठे बसवणार, म्हणून मॉर्गनने काम बंद पाडले, अशी एक गोष्ट लोक हौसेने सांगतात. तुमच्या मोबाईलवरही ती आली असेल. तिला चांगला पुरावा नाही. पैसे मिळाले असते, तरी गावोगाव वीज पोहोचली नसती. दिव्यापासून दूर गेलात की उजेड मंद होतो ना? बिनतारी वीजही अशीच चारी दिशांना पांगते. संदेश ऐकायला विजेचा एक कण पुरतो. कारण रेडिओ आपले बळ वापरून त्याला मोठे करतो. पंप चालवायला कण पुरत नाही.

२००७ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दोन मोठी वेटोळी समोरासमोर ठेवून, दोन मीटर अंतरावरचा ६० वॅटचा दिवा तारेशिवाय लावला. शंभर भाग वीज दिली, तर सुमारे चाळीस भागच पलीकडे पोहोचले. दोन मीटरची ही गोष्ट. येथून शेजारच्या गल्लीचा हिशोब तुम्हीच करा.

आता त्या चकतीकडे पाहू. चकतीत तारेचे एक वेटोळे असते, मोबाईलच्या पाठीमागे दुसरे. दोघांत अंतर जेमतेम काही मिलीमीटर. ही फॅरेडेचीच लहान उडी. मोबाईल थोडा बाजूला सरकला, तर चार्जिंग मंदावते किंवा थांबते. काही वीज उष्णतेत जाते, म्हणून मोबाईल अधिक तापतो, आणि उष्णता बॅटरीला मानवत नाही. तारेने वीज कमी वाया जाते आणि बहुधा चार्जिंगही लवकर होते. एस. टी. सुटायला वीस मिनिटे असतील, तर तारच बरी. रात्री उशाशी ठेवून द्यायचे असेल, तर चकती सोयीची. तारेचे टोक पुन्हा पुन्हा घालून मोबाईलचे भोक ढिले होते आणि त्यात धूळ बसते. चकतीने ते टळते. आणखी एक गंमत लक्षात घ्या. बिनतारी म्हणतात त्या चकतीपासून भिंतीच्या प्लगपर्यंत तार असतेच!

टेस्लाचा मनोरा अर्धवटच राहिला. तो राहत होता त्या मोठ्या हॉटेलचे बिल थकले. त्या कर्जापोटी वॉर्डनक्लिफची जागा हॉटेलमालकांकडे गेली. १९१७ मध्ये मनोरा पाडून त्याचे लोखंड भंगारात विकले. पुढची पंचवीस वर्षे टेस्ला एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात राहत गेला. बिले थकत, जागा सोडावी लागे. त्याने लग्न केले नाही. रोज तो बागेत जाऊन कबुतरांना दाणे घाली. एखादे जखमी कबूतर दिसले, तर खोलीवर आणून त्याची सेवा करी. वाढदिवसाला वार्ताहर येत, तेव्हा नव्या नव्या शोधांच्या गोष्टी सांगे. ते शोध कोणी पाहिले नाहीत.

७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलच्या तेहतिसाव्या मजल्यावरील खोलीत तो एकटाच असताना वारला. त्याचे वय ८६ होते. १९६० मध्ये शास्त्रज्ञांनी चुंबकाची शक्ती मोजण्याच्या एककाला टेस्ला हे नाव दिले. त्याची कागदपत्रे आणि वस्तू बेलग्रेड शहरातील संग्रहालयात ठेवल्या आहेत. त्याची रक्षाही तेथेच एका सोनेरी गोळ्यात जपलेली आहे.