ज्याचे नाव गावाला, त्यानेच न पाहिलेले गाव

मुलांनो, बॉस्टनच्या वायव्येला सुमारे २५ मैलांवर लोवेल नावाचे शहर आहे. तिथे मेरिमॅक नदीचे पाणी कालव्यांतून गावभर फिरवलेले दिसते आणि कालव्यांच्या काठाने लाल विटांच्या उंच कापड गिरण्या उभ्या आहेत. गिरण्या म्हटले की तुमच्या आजी-आजोबांना परळ-लालबाग आठवेल. पण मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली, त्याच्या ३०-३५ वर्षे आधी या कालव्यांवर कापड विणले जाऊ लागले होते. ज्याचे नाव या शहराला दिले, त्या फ्रान्सिस कॅबट लोवेलची ही ओळख.

फ्रान्सिसचा जन्म १७७५ साली मॅसॅच्युसेट्समधील न्यूबरीपोर्ट या बंदराच्या गावी झाला. वडील न्यायाधीश. मुलगा गणितात फार हुशार, पण अगदीच गरीब गाय नव्हता! हार्वर्डच्या आवारात शेकोटी पेटवली म्हणून त्याला काही महिने कॉलेजातून बाहेर पाठवले होते. १७९३ साली तो पदवीधर झाला आणि व्यापारात शिरला. चीनमधून चहा व रेशीम आणि हिंदुस्थानातून हातमागाचे सुती कापड आणणे हा त्याच्या व्यापाराचा मोठा भाग होता. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

१८१० साली प्रकृतीसाठी म्हणून तो बायको-मुलांसह ब्रिटनला गेला. तिथे त्याने मँचेस्टर परिसरातील गिरण्या पाहिल्या. पाण्यावर आणि वाफेवर चालणारे यंत्रमाग तेव्हा अमेरिकेत नव्हते. हे ज्ञान देशाबाहेर जाऊ नये म्हणून यंत्रे किंवा त्यांचे नकाशे बाहेर नेण्यास इंग्रजांच्या कायद्याने बंदी होती. लोवेल यंत्रे नीट पाहात राहिला आणि जे पाहिले ते डोक्यात साठवत गेला. १८१२ साली परतताना युद्ध सुरू झाले होते. इंग्रजांनी त्याचे जहाज अडवून सामानाची झडती घेतली. सामानात काही सापडले नाही. डोक्याची झडती कोण घेणार?

आमच्यापैकी बरेच पालक इंजिनिअर आहेत, म्हणून आम्हांला याचे विशेष वाटते. यंत्र नुसते पाहून ते बांधता येत नाही. मागात काही उभे धागे वर उचलले जातात, मधून धोटा आडवा धागा घेऊन पलीकडे जातो, मग फणी तो धागा ठोकून घट्ट बसवते. माणसाचे हात-पाय हे सहज जुळवून घेतात. यंत्रात मात्र प्रत्येक हालचाल ठरल्या क्षणी व्हावी लागते, नाहीतर धागा तुटतो. लोवेलला गणित येत होते आणि पॉल मूडी नावाचा कसबी यंत्रकार सोबतीला मिळाला. दोघांनी खटपट करून १८१४ साली वॉल्थॅम गावी चार्ल्स नदीकाठी यंत्रमाग चालू केला. त्याच्या आदल्या वर्षी लोवेलने मेहुणा पॅट्रिक जॅक्सन आणि इतर व्यापाऱ्यांचे भागभांडवल जमवून कंपनी काढली होती. कच्च्या कापसापासून तयार कापडापर्यंत सगळी कामे एकाच छपराखाली यंत्राने करायची, ही त्या गिरणीची नवलाई होती.

युद्ध संपले आणि बाहेरचे स्वस्त कापड पुन्हा येऊ लागले. तेव्हा लोवेल वॉशिंग्टनला जाऊन राज्यकर्त्यांना भेटला. १८१६ च्या कायद्याने ठरले की कापड कितीही स्वस्त असो, जकातीसाठी त्याची किंमत चौरस वाराला किमान २५ सेंट धरायची आणि तिच्यावर २५ टक्के जकात घ्यायची. गणित करून पाहा : समजा कापड ९ सेंटचे आहे, तर जकात सव्वासहा सेंट, म्हणजे जवळजवळ ७० टक्के! महाग इंग्रजी कापडाला याची झळ कमी लागली. फटका बसला तो हिंदुस्थानच्या जाड्याभरड्या स्वस्त कापडाला. ज्या विणकरांचे कापड विकून लोवेलने पैसा केला होता, त्यांनाच त्याने दार बंद केले.

१८१७ साली, वयाच्या अवघ्या ४२ व्या वर्षी, लोवेल वारला. त्याच्या भागीदारांनी १८२१ साली मेरिमॅकच्या पॉटकेट धबधब्याजवळची जमीन आणि जुना कालवा विकत घेतला. तिथे पाणी सुमारे ३२ फूट खाली पडते, म्हणजे गिरण्यांना फुकटची शक्ती. १८२३ साली कापड निघू लागले आणि १८२६ साली नव्या गावाला मित्राचे नाव दिले गेले.

गिरण्यांत कामाला आल्या त्या शेतकऱ्यांच्या तरुण मुली. रोख पगार आणि राहायला वसतिगृह होते, पण घंटेच्या तालावर रोज बारा-तेरा तास काम. पगार कापण्याचे ठरले तेव्हा १८३४ साली या मुलींनी संप केला! आणि मागांवर येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे. चांगल्या कापडाच्या मागे हेही होते.

आता एक नवल. लोवेलचा मुलगा जॉन याची बायको आणि दोन्ही मुली पाठोपाठ वारल्या. तो दुःखात प्रवासाला निघाला आणि १८३६ साली आपल्या मुंबईत त्याचा अंत झाला. मृत्युपत्रात त्याने संपत्तीचा अर्धा वाटा बॉस्टनच्या सर्वसामान्य लोकांना फुकट व्याख्याने ऐकता यावीत म्हणून ठेवला. त्यातून १८३९ साली लोवेल इन्स्टिट्यूटची व्याख्याने सुरू झाली.

मग फ्रान्सिस लोवेल हुशार इंजिनिअर, की दुसऱ्याची विद्या चोरणारा? आम्हां पालकांत यावर एकमत झालेले नाही. तुम्ही घरी आई-बाबांशी वाद घाला. लोवेलच्या गिरण्या आणि कालवे १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान म्हणून जपले आहेत. बूट गिरणीच्या संग्रहालयात जुने यंत्रमाग ओळीने मांडले आहेत. तिथे जाल तेव्हा धोटा, फणी आणि उभे-आडवे धागे स्वतः शोधून काढा, आणि त्यांची मराठी नावे आई-बाबांना सांगा!