पोरांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून दंड भरणारे र. धों. कर्वे

१४ ऑक्टोबर हा र. धों. कर्वे यांचा स्मृतिदिन.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई बाळंतपणात गेल्या.

पुढे ते मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. मुलं किती आणि कधी व्हावीत हे नशिबावर सोडू नये, त्यात बाईची इच्छा आधी विचारात घ्यावी, असं ते उघडपणे मांडू लागले. संततिनियमनासाठी ब्रह्मचर्य पाळा, असं मोठमोठे पुढारी सांगत होते. कर्वे मात्र साधनांची माहिती देत. यापायी नोकरी सुटली. पण १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना सुरू झाला तोही त्याच वर्षी.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक निघालं. गर्भधारणा कशी होते, ती कशी टाळता येते, गुप्तरोगांपासून कसं जपायचं, हे सगळं त्यात साध्या मराठीत असे. आईबापांना किंवा मास्तरांना विचारायची सोय नव्हती, असे प्रश्न वाचक पत्रानं विचारत. हस्तमैथुनानं शरीर खंगतं, या धास्तीनं किती तरुण तेव्हा झुरत असतील! कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत.

तेच अंगाशी आलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड बसले. १९३४ च्या खटल्यात मुद्दा वाचकांना दिलेल्या उत्तरांचाच होता. वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयाला वाहिलेल्या मासिकानं त्याच विषयावरच्या प्रश्नांना उत्तर देणं हा गुन्हा कसा, अशी बाजू त्यांनी मांडली. तरी खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबलं नाही.

मूल होऊ न देण्याचा निर्णय त्यांनी आणि पत्नी मालतीबाईंनी मिळून घेतला होता. पैशाच्या ओढाताणीतही मालतीबाई पाठीशी राहिल्या.

१९५२ मध्ये भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामापायी कर्व्यांची प्राध्यापकी गेली, तेच आता सरकारी धोरण झालं. पुढच्याच वर्षी कर्वे गेले. तोवर मासिक २६ वर्षं चाललं होतं.

आज पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. तो वर्गात नीट शिकवला जातो की ‘घरी वाचा’ म्हणून पान उलटलं जातं, हे ज्यानं त्यानं आपल्या गावच्या शाळेत विचारून पाहावं.