लिओन थेरेमिन : कैदेत जन्मलेले तंत्र

टोलनाक्यावर मोटारीच्या काचेवरील 'फास्टॅग' वाचला जातो, तेव्हा त्या चिठ्ठीत बॅटरी नसते. रेडिओलहरींद्वारे ओळख पटविणाऱ्या या 'आरएफआयडी' तंत्रज्ञानाचे पूर्वसूरी म्हणून रशियन संशोधक लिओन थेरेमिन यांचे नाव घेतले जाते.

सेंट पीटर्सबर्ग येथे १८९६ मध्ये जन्मलेल्या थेरेमिन यांना भौतिकशास्त्र आणि संगीत या दोहोंत गती होती. १९२०च्या सुमारास त्यांनी स्पर्श न करता वाजविता येणारे विद्युतवाद्य घडविले. १९२२ मध्ये लेनिन यांच्यापुढे त्याचे प्रात्यक्षिक झाले. १९२७ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि 'थेरेमिन' याच नावाने ते वाद्य तेथे विक्रीस आले. मात्र १९३८ मध्ये मायदेशी परतलेल्या या संशोधकाला पुढच्याच वर्षी स्टालिनच्या राजवटीने अटक केली. कोलिमा येथील श्रमछावणीनंतर त्यांची रवानगी कैदी शास्त्रज्ञांच्या गुप्त प्रयोगशाळेत झाली.

कैदेतील या काळात त्यांच्याकडून हेरगिरीचे एक विलक्षण साधन घडले. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी मॉस्कोतील अमेरिकी राजदूत अ‍ॅव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेची लाकडी प्रतिकृती भेट दिली. ती राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर विराजमान झाली. आत दडविलेल्या साधनाला ना बॅटरी होती, ना तार. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या, की खोलीतील आवाजाने थरथरणारा पातळ पडदा परतणाऱ्या लहरींत बदल घडवी आणि संभाषण बाहेर ऐकू येई. हे गुपित उघड व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

बॅटरी नसलेल्या 'आरएफआयडी' चिठ्ठीचे मर्मही हेच. वाचकयंत्राच्या लहरींतून मिळणाऱ्या ऊर्जेवर तिच्यातील चिप जागी होते आणि संभाषणाऐवजी स्वतःचा क्रमांक परत धाडते. बारकोडप्रमाणे प्रत्येक वस्तू यंत्रासमोर धरावी लागत नाही. पुठ्ठ्याच्या बंद खोक्यांतील अनेक वस्तूंची मोजदाद एकाच वेळी होते. गोदामातील साठ्याचा अचूक हिशेब आणि गहाळ मालाचा माग, हा व्यापाराचा लाभ. म्हणूनच २००३ मध्ये 'वॉलमार्ट'ने आपल्या प्रमुख पुरवठादारांकडे या चिठ्ठ्यांचा आग्रह धरला.

थेरेमिन यांना १९४७ मध्ये सुटका आणि स्टालिन पारितोषिक दोन्ही लाभले, तरी त्यांचे काम गुप्तच राहिले. पाश्चात्त्य जगात तर ते मरण पावल्याचाच समज होता. १९६७ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रातून ते हयात असल्याचे जगाला कळले आणि त्यापायी मॉस्कोच्या संगीत विद्यालयातील त्यांची नोकरी गेली. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी, वयाच्या ९७व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वाद्यामुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले होते. कैदेतील कामाचे श्रेय मात्र दीर्घकाळ अंधारातच राहिले.