माता रमाई आणि घरात आलेला बदल

दरवर्षी ७ फेब्रुवारीला आपण विहारात माता रमाईंची जयंती साजरी करतो. फोटोला हार घालतो, मेणबत्ती लावतो, त्रिसरण-पंचशील होतं, मग कोणीतरी उठून त्यागमूर्ती रमाईवर भाषण करतं. त्याग हा शब्द खराच आहे. पण तो इतक्यांदा वापरून गुळगुळीत झाला आहे की त्याच्यामागची बाई दिसेनाशी होते. म्हणून वर्धापनदिनाच्या या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा आम्ही ठरवलं, की समाज एवढा मोठा उलथत असताना तो बदल या माउलीच्या चुलीपर्यंत कसा आला, तेवढंच सांगायचं.

दापोलीजवळचं वणंद हे रमाईंचं गाव. जन्म १८९८ चा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहायचे. आईचं नाव रुक्मिणी. लहानपणीच आईबाप दोघंही गेले आणि भावंडं नातेवाइकांच्या आधारानं मुंबईला भायखळ्यात आली. गाव सुटलं, समुद्रकाठ सुटला. पोरीला कोणी विचारलं नव्हतं. १९०६ च्या सुमारास सुभेदार रामजींच्या भीमरावाशी लग्न झालं. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरदेव शाळकरी. मांडवाला पैसा कुठला? भायखळ्याचा बाजार रात्री उठल्यावर तिथल्याच उघड्या शेडमध्ये लग्न लागलं आणि सकाळी बाजार भरायच्या आत वऱ्हाडानं जागा मोकळी केली.

पुढची वर्षं फार भराभरा आली. १२ डिसेंबर १९१२ ला यशवंतांचा जन्म. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदारांचं निधन. आणि त्याच जुलैत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव अमेरिकेला निघाले. म्हणजे आठ महिन्यांच्या आत घरात बाळ आलं, घरातला कर्ता म्हातारा गेला आणि नवरा सातासमुद्रापार गेला. रमाईंचं वय तेव्हा पंधरा! शाळेचं तोंड न पाहिलेल्या या मुलीला न्यूयॉर्क कुठल्या दिशेला आहे हेही कसं ठाऊक असणार? तिला कळत होतं ते एवढंच, की परळच्या चाळीतली खोली आता आपल्याला चालवायची आहे.

आपल्या भागातल्या बायांना यातलं फार समजावून सांगायची गरज नाही. धर्मापुरीच्या आसपासची, सगळ्या बीड जिल्ह्यातली किती घरं दिवाळीच्या आगेमागे कुलपं लावून ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता बांधलेला, आणि मागं राहते ती म्हातारी, नातवंडं सांभाळत, कारखाने बंद होईपर्यंत वाट बघत. वाट बघणं हेसुद्धा काम असतं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळतं. रमाईंनी ते चार वर्षं केलं. १९१७ ला बाबासाहेब परतले. जरा कुठे सिडनहॅम कॉलेजात नोकरी लागून घडी बसली, तर १९२० ला पुन्हा लंडन, अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला. १९२३ ला परत आले ते बॅरिस्टर होऊन. थोरल्या जाऊबाई लक्ष्मीबाई आणि त्यांचा मुलगा मुकुंद हेही याच घरातले. पैशाची ओढाताण कायमची. शेण गोळा करून रमाईंनी गोवऱ्या थापल्या, विकल्या, असं जुनी माणसं सांगत आली आहेत.

पण सगळ्यात मोठा घाव दारिद्र्याचा नव्हता. यशवंतांशिवाय चार लेकरं झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. चारही गेली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. त्याच्या जाण्यानं बाबासाहेबांसारखा वज्राचा माणूस कोलमडला, मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपलं दुःख मोकळं केलं. आईनं कोणाला पत्र लिहावं? तिला चुलीपाशी बसून पुन्हा भाकरी थापायची होती.

आता पुढचं पाहा. राजरत्न जाऊन आठ महिने होतात न होतात तोवर २० मार्च १९२७ ला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जाळली गेली. त्या वेळी बाबासाहेब आपल्या बायांशी वेगळं बोलले. जातीची खूण सांगणारं नेसणं सोडा, ते जड दागिने टाका, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, मुलींना शिकवा, अशा अर्थाचं ते बोलणं होतं. आणि बायांनी ते ऐकलं! पिढ्यान्पिढ्यांची नेसण्याची तऱ्हा तिथल्या तिथं बदलून त्या घरी गेल्या. आम्हाला याचं नेहमी नवल वाटतं. कायदा व्हायला वर्षं लागतात, तळ्याचा खटला १९३७ पर्यंत चालला, पण लुगडं एका दिवसात बदललं.

मनातला देव मात्र लुगड्यासारखा झटकन बदलत नाही. रमाई धार्मिक होत्या. उपास करायच्या, नवऱ्याच्या जिवासाठी देवाला हात जोडायच्या. पंढरपूरला जाऊन विठोबाचं दर्शन घ्यावं ही त्यांची फार दिवसांची इच्छा. बाबासाहेबांनी ती पुरवली नाही. आपल्या माणसाला देवळाबाहेरच थांबवणाऱ्या पंढरपूरला जायचं कशाला, आपण आपल्यासाठी वेगळी पंढरी उभी करू, अशी त्यांची समजूत घातली. रमाई गेल्या नाहीत. पटलं म्हणून गेल्या नाहीत, की मन मारून? काही लेखक रमाईंना बाबासाहेबांइतक्याच बंडखोर करून टाकतात. आम्हाला ते पटत नाही. ज्या बाईचा देवावर भरवसा होता तिनं देवाविरुद्ध लढणाऱ्या माणसाचा संसार शेवटपर्यंत सांभाळला, यात तिचं मोठेपण कमी होत नाही, वाढतं.

मग दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह झालं. चाळीतली बाई बंगल्यात आली. पण तिथंही घरात पुस्तकांचीच दाटी, साहेब सतत दौऱ्यावर. सुखाचे दिवस आले तेव्हा शरीर थकलेलं होतं. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाई गेल्या. वय अवघं सदतीस. अंत्यविधी जुन्या रीतीनंच झाले.

त्यानंतर पाच महिनेही उलटले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. ती रमाईंच्या कानावर पडली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी तर त्यांच्या स्वप्नातही नव्हती. येवला ते नागपूर म्हणजे एकवीस वर्षं! एवढी वर्षं बाबासाहेब वाचत राहिले, माणसांच्या मनाची मशागत करत राहिले.

इकडे मराठवाड्यात १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. १९५० ला औरंगाबादेत बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज सुरू झालं, तेव्हा खेड्यातल्या पोरांना वाट दिसली. धम्मदीक्षेनंतर आपल्याही लोकांनी देव्हाऱ्यातले देव काढून पाण्यात सोडले. पुरुषांनी ते जयघोष करत केलं. बायांचं काय झालं असेल? मरीआई-म्हसोबाला नवस बोलूनच ज्यांची लेकरं वाढली होती, त्या म्हाताऱ्या लगेच उठून बुद्धवंदना म्हणू लागल्या असतील का? कोणी मनापासून म्हणाल्या, कोणी भीत भीत, कोणी वर्षभरानं. तरी घर मोडलं नाही. आज विहारात सर्वांत मोठ्यानं गाथा म्हणतात त्या त्यांच्याच लेकी-सुना.

बाबासाहेबांनी रमाईंवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं नाही. पण १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. फाळणी, सैन्य, सरहद्द, आकडेवारी, असा सगळा राजकारणाचा विषय. तो ग्रंथ त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला आहे.