माणिकगडच्या पठारावरील शब्द

सिमेंटच्या कारखान्यांमुळे नावारूपाला आलेल्या गडचांदूरच्या परिसरात मराठी आणि तेलुगूच्या जोडीने गोंडी व कोलामीही कानी पडते. यांपैकी शेवटच्या दोन भाषांना व्याकरण आहे, त्यांच्या शब्दांना कुळ आहे, ही गोष्ट सुशिक्षितांना मान्य व्हावयास फार काळ जावा लागला. रानातल्या लोकांची ती अशुद्ध बोली, एवढ्यावर विषय संपत असे. या समजुतीला विदर्भात ज्यांनी आरंभी धक्का दिला, त्यांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. नागपूरच्या महाविद्यालयामुळे ते सर्वतोमुखी आहे. शब्दसंग्राहक हिस्लॉप मात्र विस्मृतीत गेले आहेत.

स्कॉटलंडमधील डन्स येथे ८ सप्टेंबर १८१७ रोजी जन्मलेले हिस्लॉप १८४५ मध्ये फ्री चर्चचे मिशनरी म्हणून नागपुरास आले. धर्मप्रसार हाच त्यांचा हेतू होता. तो झाकण्याचे कारण नाही. परंतु परक्या भाषेत उपदेश करावयाचा तर ती भाषा आधी ऐकावी लागते, आणि ऐकता ऐकता हा गृहस्थ उपदेशाच्या पलीकडे गेला. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी या प्रदेशातील खडक व जीवाश्म धुंडाळले. चांदा भागातील मांगलीचे जीवाश्म त्यांच्यामुळे विद्वानांपर्यंत पोहोचले. शब्दांकडेही त्यांनी त्याच चिकित्सक नजरेने पाहिले.

गोंड हे नाव इतरांनी दिलेले असून ते लोक स्वतःला कोइतूर म्हणवितात, हे त्यांनी नोंदविले. ‘गोंड’चा संबंध त्यांनी डोंगर या अर्थाच्या तेलुगू ‘कोंडा’शी जोडला. ही व्युत्पत्ती पुढे सर्वमान्य झाली नाही. पण ऐकीव कथेऐवजी शेजारच्या भाषेत मूळ शोधण्याची रीत योग्य होती. कोलामांची वस्ती वर्धा नदीच्या दक्षिणेस, माणिकगडच्या पूर्वेला व उत्तरेला पसरलेल्या पठारावर आहे, म्हणजे गडचांदूरच्या शेजारीच, हेही त्यांनी लिहून ठेवले. कोलाम व गोंड एकमेकांच्या हातचे खातात, लग्नाला जातात, परंतु सोयरीक करीत नाहीत, असे त्यांचे निरीक्षण होते. निरनिराळ्या जमातींचे नित्याचे शब्द त्यांनी शेजारी शेजारी मांडले. पाण्याला कोलामीत ईर, तेलुगूत नीरु, तमिळमध्ये नीर. असे शब्द एका ओळीत आले की अशुद्ध बोलीचा आरोप आपोआप गळून पडतो. एका परधानाकडून त्यांनी लिंगोचे दीर्घ गोंडी गीतही उतरवून घेतले.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून व बोरीची शाळा तपासून ते रात्री घोड्यावरून परतत होते. वाटेतल्या नाल्याला आलेल्या पुरात ते बुडाले. वयाची सेहेचाळीस वर्षे पुरी व्हावयास चार दिवस उरले होते. लेखकाचा शेवटचा हात न फिरलेले त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले.

हंटर यांना प्रकृतीमुळे १८५५ मध्ये मायदेशी परतावे लागले होते. त्यांनी पुढे इंग्रजी शब्दांचा सात खंडांचा कोश सिद्ध केला. तो १८७९ ते १८८८ या काळात प्रसिद्ध झाला. हिस्लॉप यांच्या कोलामी शब्दांच्या वाट्याला मात्र त्या एका पुस्तकातली थोडी जागा आली. मरे एमेनो यांचा कोलामीवरील सविस्तर ग्रंथ निघाला तो १९५५ मध्ये.